बावीस पूर्णांक तीन

आमच्या सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी मोफत आरोग्य तपासणी असते. क्लब हाउसच्या भिंतीला उंचीची पट्टी चिकटवलेली, तिच्या पायाशी वजनकाटा आणि शेजारच्या टेबलावर चार रंगांचा तक्ता: पिवळा, हिरवा, केशरी, लाल. नर्सिंगच्या कोर्सला असलेली एक चुणचुणीत मुलगी वजन आणि उंची मोबाइलमध्ये घालायची आणि आलेला आकडा मोठ्यानं वाचायची. हिरव्यात बसलेली माणसं शेजाऱ्याला टाळी देत होती. केशरीत गेलेली काट्याला दोष देत होती. कुणी म्हणे चपला राहिल्या पायात, कुणी म्हणे आत्ताच चार मोदक झालेत, ते वजा करा.

माझा आतेभाऊ त्या दिवशी आरतीला आला होता. वय ४१, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६० किलो. मुलीनं आकडा वाचला, ‘बावीस.’ हिरव्याच्या अगदी मधोमध. त्याला लहानपणापासून घरात ‘पाप्याचं पितर’ म्हणतात. लग्नात त्याचा सूट दोनदा आत घ्यावा लागला होता. तो हसत पुढच्या टेबलाकडे गेला. तिथे बोटाला सुई टोचून साखर बघत होते. २६८ निघाली. पुन्हा टोचलं, तरी तेवढीच. आठवड्यानं लॅबमधून तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला: ८.१. साडेसहाच्या वर मधुमेह धरतात.

आत्याला हे पटेना. ‘‘अरे, तो जाड्या माणसांना होतो ना? ह्याच्या अंगावर तर मूठभर मांस नाही.’’

आत्याच्या ह्या वाक्यात रोगाचं अर्धं निदान होतं, हे मला पुढे महिनाभर वाचल्यावर आणि दोन डॉक्टरांचं डोकं खाल्ल्यावर कळलं. त्या हिरव्या रंगानं आमची फसवणूक कशी केली, ते समजून घ्यायचं तर आधी तो आकडा कुठून आला ते पाहावं लागतं.

बीएमआय. मराठीत ‘शरीर वस्तुमान निर्देशांक’ असं भारदस्त नाव आहे, पण ते सरकारी पत्रकाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. हिशेब सोपा आहे. किलोमधलं वजन घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. ६० भागिले १.६५, पुन्हा भागिले १.६५. आले २२. जगभरच्या तक्त्यांत साडेअठराच्या खाली कृश, साडेअठरा ते पंचवीस ठीक, पंचवीसच्या वर वजन जास्त आणि तिसाच्या वर लठ्ठ.

हा हिशेब काढणारा माणूस डॉक्टर नव्हता. आदोल्फ केतले, जन्म १७९६, गाव बेल्जियममधलं घेंट. गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ब्रसेल्सची वेधशाळा त्यानं उभी केली. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा आकडे येतात आणि त्यांची सरासरी खऱ्या जागेच्या जवळ असते, हे तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांच्या अंगवळणी पडलेलं होतं. केतलेनं तीच युक्ती माणसांना लावली. पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं त्यानं आलेखावर मांडली, तर मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असा घंटेसारखा आकार निघाला. (आपल्याकडे पोलीस भरतीच्या मैदानावर अजूनही पोरांच्या छातीला टेप लावतात: न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त. मापं घ्यायची हौस जुनीच.) १८३५ साली त्याचा ‘सरासरी माणसा’वरचा ग्रंथ आला. वजनाचा आणि उंचीचा संबंध त्याला त्याच धांडोळ्यात सापडला. कुणी लठ्ठ आहे का, कुणाला कसला आजार होईल, हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्याला समाज मोजायचा होता.

पण उंचीनं दोनदा, म्हणजे उंचीच्या वर्गानंच, का भागायचं? समजा माणूस नारळासारखा चहूबाजूंनी सारखा वाढला असता, तर उंची दुप्पट झाल्यावर वजन आठपट झालं असतं. समजा उसासारखा वाढला असता, जाडी तीच आणि नुसता वर, तर उंची दुप्पट आणि वजनही दुप्पट. माणूस ना नारळ, ना ऊस. मोठ्या माणसांचे आकडे मांडल्यावर वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाप्रमाणे चढतं असं केतलेला दिसलं. साधारणपणे, बरोब्बर नाही. २०१३ साली ऑक्सफर्डचे गणिती निक ट्रेफेथन यांनी सुचवलं की दोनऐवजी अडीचचा घात घेतला तर हिशेब माणसाच्या शरीराशी जास्त जुळेल. त्यांचा मुद्दा असा, की आजच्या सूत्रात उंच माणसं आहेत त्यापेक्षा जाड दिसतात आणि बुटकी माणसं आहेत त्यापेक्षा बारीक. सव्वापाच-साडेपाच फुटांच्या आपल्या समाजासाठी ही सूट बरी नव्हे.

केतलेचं सूत्र पुढे शंभराहून जास्त वर्षं जवळजवळ पडून होतं. दरम्यान अमेरिकेत जाडीचा धंदेवाईक विचार करणारी मंडळी उभी राहिली ती विम्याची. माणूस कधी मरेल याची विमा कंपनीइतकी मनापासून काळजी दुसरं कोण करणार? मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीनं १९४० च्या दशकात ‘आदर्श वजना’चे तक्ते छापले. ते विमा उतरवणाऱ्यांच्या आकड्यांवर बेतलेले होते आणि त्यात माणसाची चण लहान, मध्यम की मोठी हे ठरवून वजन बघायचं असे. चण ठरवायची कशी, हे मात्र कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

मिनेसोटा विद्यापीठातले अँसेल कीज यांना ह्या तक्त्यांचा राग होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीनं माणसाचं काय होतं याचा प्रयोग केलेले हे गृहस्थ. शरीर मोजण्याच्या बाबतीत त्यांना अंदाजपंचे चालत नसे. १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांवर वजन-उंचीची निरनिराळी सूत्रं पडताळून पाहिली. कातडीची चिमूट पकडून चरबीची जाडी मोजली, काहींची घनता पाण्याखाली वजन करून काढली आणि कुठलं सूत्र चरबीच्या सगळ्यांत जवळ जातं ते पाहिलं. केतलेचं सूत्र पुढे निघालं, तेही थोडक्यात. कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. फार समाधानकारक नसलं तरी इतरांपेक्षा वाईट नाही, असाच त्यांच्या निष्कर्षाचा सूर होता. त्या पाच देशांत अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका होते. भारतीय नव्हते. आणि बाई एकही नव्हती.

रेघा ओढल्या गेल्या त्या नंतर. अमेरिकेत १९९८ पर्यंत ‘जास्त वजना’ची रेघ पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ वर होती. त्या वर्षी ती सर्वांसाठी २५ वर आणली, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याशी जुळावी म्हणून. कोट्यवधी अमेरिकन माणसं रात्री झोपताना ठीक होती आणि सकाळी उठली ती जाड होऊन, घासभर जास्त न खाता.

आता पुण्यात येऊ.

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पानभराची एक नोंद आली. सोबत दोन पुरुषांचा फोटो. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच: २२.३. मग दोघांच्या शरीरातली चरबी क्ष-किरणांच्या यंत्रानं मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून त्या नोंदीला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. त्यात एक खट्याळ कबुलीही आहे: युडकिन मॅरेथॉन पळतात, याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी बंद होत असलेली रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यासाठी धावणं. पण मजेच्या मागे एक गंभीर ओळ होती. याज्ञिकांचं स्वतःचं जन्मवजन कमी होतं. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ पन्नाशीतल्या शरीरात दिसत असेल का, असा तो प्रश्न होता.

प्रश्न हवेतून आलेला नव्हता. १९९३ पासून केईएमची मंडळी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांची मापं घेत होती, आणि तीही गरोदर राहायच्या आधीपासून. एवढ्या चिकाटीचं काम आपल्याकडे विरळा. शेतात राबणाऱ्या त्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन सुमारे ४२ किलो, बीएमआय १८ च्या आसपास. म्हणजे तक्त्यानं निम्म्याहून अधिक जणी कृश. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची. तुलनेला इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं होती, साडेतीन किलोंची. पुण्याची बाळं लहानखुरी निघणार हे अपेक्षित होतं. धक्का पुढे होता. ही बाळं सगळीकडे सारखी लहान नव्हती. दंडाचा घेर कमी, म्हणजे स्नायू कमी. पोटाचा घेरही कमी, त्यात यकृतासारखे अवयव लहान. पण खांद्यामागच्या फऱ्याखाली कातडीची चिमूट घेतली, तर तिथली चरबी जवळजवळ इंग्लिश बाळांइतकीच. आठशे ग्रॅमचा तुटवडा बाळानं स्नायूंतून आणि अवयवांतून सोसला होता, चरबी तेवढी जपली होती. २००३ साली हे छापून आलं तेव्हा त्या बाळाला नाव मिळालं ‘थिन-फॅट’. वरून काटकुळं, आतून तुपकट.

माझ्या लहानपणी गावोगावी ‘गुटगुटीत बालक स्पर्धा’ होत. गाल, मांड्या, मनगटावरच्या वळ्या बघून नंबर काढत. ह्या पावणेतीन किलोच्या पोरांना तिथे कुणी विचारलं नसतं. आणि लठ्ठपणाच्या यादीतही नाही.

मधुमेह चरबीच्या वजनापेक्षा ती ठेवली कुठे आहे यावर अधिक अवलंबून असतो. हे युरोपात ठाऊक नव्हतं असं नाही, मार्सेयचे डॉ. जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच सांगितलं होतं की पोटाची जाडी आणि मांड्यांची जाडी वेगळी, आणि आजार पहिलीच्या मागे येतात. कातडीखालची चरबी ही घरातली कणगी समजा. सुगीला धान्य आलं, कणगीत भरलं, लागेल तसं काढलं. कणगी मोठी असेल तर चार सुगींचं धान्य राहील आणि घराला त्रास नाही. आपल्या लोकांची कणगी लहान, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत सुगी मात्र बारमाही झाली. मावत नाही ते मग माजघरात, देवघरात, चुलीपाशी सांडतं. शरीरात ते सांडतं आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली मेदाम्लं थेट यकृताकडे जातात. यकृत मेदानं भरलं की ते इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि नको असतानाही रक्तात साखर सोडत राहतं.

आणि आता आत्याचं मूठभर मांस. जेवल्यानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तेच दुबळे असतील तर माल पडून राहतो. माझ्या आतेभावाच्या साठ किलोंत मांस कमी आणि मेद जास्त. वजनकाट्याला त्यातला फरक कळत नाही. किलो तो किलो. काटा बावीस म्हणाला, तक्त्यानं हिरवा रंग दाखवला, दोघांपैकी कुणी खोटं बोललं नाही.

बीएमआयवरची पाश्चात्त्य टीका वाचली तर तिचा रोख उलटा दिसतो. तिथे तक्रार अशी, की हा आकडा धडधाकट माणसांना उगाच लठ्ठ ठरवतो. तक्रार खरी आहे. कोल्हापूरच्या तालमीतला १७५ सेंटिमीटर उंचीचा आणि ९५ किलोंचा पैलवान तक्त्यात ३१ वर जातो, लाल रंग. पण पैलवानाला आरशात आपला दंड दिसतो आणि तो तक्त्याला हसून निघून जातो. असे पैलवान आपल्यात आहेत तरी किती? आपल्याकडची चूक दुसऱ्या बाजूची आहे, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही, कारण ज्याच्या बाबतीत ती होते तो टाळी देऊन घरी जातो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बीएमआयनुसार जास्त वजनाच्या होत्या, पुरुषांमध्ये जवळपास २३. त्याच पाहणीत पहिल्यांदा कंबर आणि नितंबही मोजले. त्या मापानं धोक्याच्या रेघेपलीकडे निघाल्या ५७ टक्के बायका आणि ४८ टक्के पुरुष. ह्या दोन आकड्यांमधल्या फटीत माझा आतेभाऊ उभा आहे, आणि एकटा नाही. २०२३ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यासानं भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला.

रेघ खाली ओढायचे प्रयत्न झालेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये सिंगापूरला बसून आशियाई माणसांचा विचार केला. जागतिक रेघा तशाच ठेवल्या, पण आशियात २३ वर सावध व्हा आणि २७.५ वर अधिक, असं जोडलं. भारतातल्या डॉक्टरांनी २००९ साली एकमतानं सांगितलं की आपल्याकडे २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरा, शिवाय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत हवी. इंग्लंडमधल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून २०२१ साली एक हिशेब निघाला: गोऱ्या माणसाला बीएमआय ३० वर मधुमेहाचा जेवढा धोका, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९ वरच. म्हणजे लंडनला स्थायिक झालेला एखादा मराठी माणूस शेजारच्या तेवढ्याच उंचीच्या गोऱ्यापेक्षा सोळा-सतरा किलोंनी हलका असूनही मधुमेहाच्या रांगेत त्याच्या शेजारी उभा. आमच्या शिबिरातला तक्ता जुना होता, त्यात हिरवा रंग पंचवीसपर्यंत पसरलेला होता. पण खरं सांगायचं तर नवा तक्ता असता तरी बावीस हिरव्यातच राहिले असते.

मग हा आकडा फेकून द्यायचा? नाही. ज्या कामासाठी जन्माला आला त्या कामाला तो आजही चोख आहे. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के बायका साडेअठराच्या खाली होत्या आणि सुमारे २३ टक्के पंचवीसच्या वर, हे एकाच राज्याचं एकाच वेळचं चित्र केतलेच्या सूत्राशिवाय इतक्या स्वस्तात काढता आलं नसतं. काटा आणि पट्टी एवढ्यावर काम भागतं, ती आशाताईंच्या पिशवीत मावतात. पस्तीस-चाळीसच्या वर आकडा गेला तर त्याला दुसरा साक्षीदार लागत नाही. स्वतःचा आकडा वर्षानुवर्षं लिहून ठेवला तर तो चढतोय की उतरतोय हेही कळतं. मुलांना मात्र हा तक्ता लावू नये. वाढत्या वयात वयानुसार वेगळे आलेख असतात, हे शिबिरातल्या आयांना दहादा सांगावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’नं नेमलेल्या आयोगानं सुचवलं की एरवी कुणाला लठ्ठ ठरवताना नुसत्या बीएमआयवर विसंबू नका; कंबर मोजा किंवा चरबी मोजा, आणि मुख्य म्हणजे अवयवांच्या कामात बिघाड झालाय का ते पाहा. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही साधारण त्याच धर्तीवर नवी मांडणी केली.

उपनगरी रेल्वेच्या फलाटावर पूर्वी लाल-पिवळ्या दिव्यांची वजनयंत्रं असत. नाणं टाकलं की चक्र फिरायचं आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं: एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन आपण विसरायचो आणि भविष्य खिशात ठेवायचो. बीएमआयचा आकडाही आपण त्या तिकिटासारखाच वाचतो.

आमच्या डॉक्टरांनी आतेभावाला पहिला प्रश्न विचारला, ‘‘पोट किती आहे?’’ तो म्हणाला, ‘‘बत्तीस. बत्तिसाचीच पँट लागते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘पँट तुम्ही पोटाखाली घालता हो. पोट मोजा.’’ शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावला. ८८ सेंटिमीटर. भारतीय तक्त्याच्या नव्वदीपेक्षा दोनानं कमी, पुन्हा हिरवाच. मग त्यांनी वहीत १६५ चे निम्मे केले: साडेब्याऐंशी. उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर हवी, असा हिशेब ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेत २०२२ पासून आहे. बुटक्या माणसाला नव्वदीची सरसकट रेघ जी सवलत देते, ती इथे मिळत नाही. सोनोग्राफीत यकृतावर मेद निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आणि वजन कमी करण्यापेक्षा स्नायू वाढवण्यावर त्यांनी भर दिला: जिने, बैठका, पाण्याचे कॅन उचलणं. तो सध्या रोज चाळीस बैठका काढतो आणि त्यातल्या तीस मोजून सांगतो.

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो होतो. तिला हे सगळं सांगितलं, कणगीसकट. ती ऐकत होती, पण तिचा विश्वास बसलेला नव्हता. मी माळ्यावरची सुतळी मागितली. आतेभावाच्या टाचेपासून टाळूपर्यंत धरली, तोडली, मधोमध दुमडून पुन्हा तोडली. ‘‘करगोटा बांधतोस का त्याला?’’ आत्यानं विचारलं. लहानपणी तिनंच आमचे काळे करगोटे बांधले होते आणि ते रुतायला लागले की पोर अंगानं भरलं म्हणून हरखून नवे आणले होते. निम्मी सुतळी मी त्याच्या पोटाभोवती फिरवली. दोन टोकं एकमेकांना पोचेनात. मधे तीन बोटांची फट.

आत्यानं चष्मा लावून ती फट नीट पाहिली. मग माझ्या हातातली सुतळी घेतली, ताणून पाहिली आणि म्हणाली, ‘‘आखूड तोडलीस तू.’’